टोपलीतली काळी माती

टोपलीत काळी माती मी घातली होती. दोन वर्षं हे वाक्य मी कुणापुढे उच्चारलं नाही. आता मामा गेल्यावर लिहितो आहे, यात काही शौर्य नाही हे मला कळतं. ते ऐकण्याचा पहिला हक्क ज्यांचा होता, ते सव्वा महिन्यापूर्वी अकोल्यातल्या आपल्या घरात एकटेच गेले. त्या सकाळी अमरावतीला मी शाळेत शिकवायला निघालो होतो, तेवढ्यात मामांच्या शेजारच्या कुसुमकाकूंचा फोन आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. "दिनू, तुह्या मामाचा दरवाजा सकायपासून उघडला नाई. दुधाची पिशवी फाटकालेच लटकून आहे. म्या त्या घरात पाय ठेवत नाई, तुले मालूम आहे. तू ये." मी म्हणालो, "काकू, मले पोचाले दोन तास लागतील, तुमी कोनाले तरी..." "धाडते कोनाले तरी," म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. मी पोचलो तेव्हा दार उघडलेलं होतं आणि गल्ली अंगणात उभी होती. काकू मात्र आपल्या फाटकाच्या आत, तिथूनच बघत होत्या.

माणूस गेला की त्याच्याबद्दल गोड लिहायची रीत आहे. माझ्याने ते होणार नाही. मामा अकोल्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि त्यांची जीभ कोयत्यासारखी होती. आमची शेती रिद्धपूरजवळ. कॉलेजची तीन वर्षं मी मामांकडे राहून काढली, आणि त्या तीन वर्षांत एक दिवस असा गेला नसेल की मी ताटावर बसलो आणि त्यांनी मामीला विचारलं नाही, "बांडगूळ आलं का जेवाले?" एकदा ते आमच्या वर्गाला पातूरच्या डोंगरात घेऊन गेले. मोहाच्या एकाच झाडावर त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. एका फांदीवर बांडगूळ, दुसरीवर ऑर्किड. बांडगूळ झाडाच्या अंगात मुळं खुपसून त्याचा रस पितं. ऑर्किड नुसतं बसलेलं असतं, झाडाचं काही खात नाही, सालीवरचा पालापाचोळा आणि हवेतला ओलावा एवढ्यावर जगतं. हे सांगून झाल्यावर सगळ्या वर्गासमोर ते माझ्याकडे वळले. "दोघायतला फरक समजला का दिनकर? तू त घरीच पाह्यतं. आरशात." वर्ग हसला. तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो, आज बावन्न वर्षांचा आहे. ते हसू अजून ऐकू येतं. मामांना मी कधी माफ केलं नाही, हेही इथेच कबूल केलेलं बरं.

आता झाडाबद्दल. मामांच्या अंगणातल्या कडुलिंबाच्या बेचक्यात मामीने तारेची एक टोपली टांगली होती. तिच्यात नारळाच्या शेंड्या, कोळशाचे तुकडे, वाळका पाला आणि त्यातून खाली लोंबणारं, गल्लीतल्या बायका ज्याला ब्रह्मकमळ म्हणायच्या ते झाड. कळी फुलायला आली की संध्याकाळीच निरोप फिरायचे, बायका हळदकुंकू आणि कापूर घेऊन जमायच्या, आणि मामा ओट्यावरून ओरडायचे, "बायायहो, हे कमळ नाई, निवडुंग आहे निवडुंग! खरं ब्रह्मकमळ हिमालयात, अन् तेही सूर्यफुलाच्या खानदानातलं!" कुसुमकाकूही काही कमी नव्हत्या. "निवडुंग म्हनता भाऊजी, मंग याचे काटे कुठी गेले? देवानं तुमाले देल्ले वाटते." सगळ्या हसायच्या, मामी सगळ्यांत जास्त.

काट्यांचं उत्तर मामांकडे होतं, आणि ते त्यांनी आम्हाला शंभरदा ऐकवलं असेल. हे वाळवंटातलं निवडुंग नव्हे, दूरच्या दमट जंगलात मोठ्या झाडांच्या खांद्यावर राहणारं. सावलीत राहून त्याचे काटे गेले. तुम्ही ज्याला पान म्हणता तो त्याचा चपटा झालेला दांडा. म्हणून तर त्या पानाच्या कडेवरच्या खाचेतून फूल येतं. पानाला कधी फूल आलेलं पाहिलंय का? कळी आधी चिलमीसारखी खाली लोंबते, मग रोज थोडी थोडी मान वर उचलते. रात्री उमललेलं फूल पांढरं आणि इतकं वासाचं असतं, कारण त्याला अंधारातले मोठे पतंग बोलवायचे असतात. पहाटेपर्यंत ओल्या फडक्यासारखं लोळागोळा. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: आपल्या गल्लीत त्याला फळ धरत नाही, कारण ते स्वतःचे परागकण स्वतः घेत नाही, आणि इथे दुसरं झाडच नाही. मामीच्या टोपलीतले तुकडे दारोदार गेले, म्हणजे एकच झाड सगळ्या दारांत लोंबतंय.

मामी गेली आणि मामांचं जेवण कुसुमकाकूंकडून येऊ लागलं. भांडत भांडत, पण नऊ वर्षं रोज डबा आला.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. शाळेला सुट्टी होती, म्हणून मी त्यांच्या घरी राहून दवाखान्यात ये-जा करत होतो. जाताना त्यांनी बजावलं होतं, "झाडाले हात लावजो नको. आठ दिवसातून एकडाव पानी, तेही शिंपडल्यावानी. मरून राहिलं असं वाटलं तरी मरू देजो." अकोल्याचा मे... झाड सुरकुतलं, दांडे पिवळे पडले. मी काळ्या मातीतला माणूस. या मातीत काडी खोसली तरी फुटते, हे ऐकत वाढलेला. शेंड्या आणि कोळसा बघून मला वाटलं, हा सगळा प्रोफेसरी ताठा आहे. रविवारी रिद्धपूरला शेतावर जाऊन अर्धं पोतं माती आणि शेणखत एसटीतून आणलं, टोपलीत दाबून भरलं आणि वरून जुन्या शेंड्या अंथरल्या. दोन्ही वेळा पाणी घालायला काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी त आठ दिवसातून म्हनत होते." मी म्हणालो, "आता दवाखान्यातून त्यायनंच सांगतलं." त्या वेळी हे खोटं मला क्षुल्लक वाटलं. त्यामागे झाडाची दया किती होती आणि मामांना खोटं पाडायची हौस किती, हे मला आजही नीट वेगळं करता येत नाही.

पंधरा दिवस झाड टवटवीत दिसलं. मी मनात जिंकलो होतो. मग पाऊस सुरू झाला आणि टोपलीत चिकट लगदा झाला. झाडाच्या खांद्यावर राहणाऱ्या त्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, ती गुदमरली. जुलैत मी भेटायला गेलो तेव्हा दांडे बुडापासून काळे पडून घाण वास सुटला होता. काठी टेकत मामा ऑपरेशननंतर पहिल्यांदाच अंगणात आले. टोपली मीच उतरवून दिली आणि त्यांनी ती फाटकाजवळ उलटी केली. मातीचा काळाभोर गोळा पडला. "हे कोनं टाकलं बे?" त्याच वेळी काकू डबा घेऊन फाटकातून आत येत होत्या. मी म्हणालो, "मी त दिवसभर दवाखान्यात होतो मामा. पानी काकू टाकत होत्या..."

शब्दशः यातलं काहीच खोटं नव्हतं.

मामा गल्ली गोळा होईपर्यंत ओरडले. "तुमच्या देवधरमानं मारलं तिचं झाड! तिचं एवढंच होतं या घरात, तेही खाल्लं तुमी!" काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी टोपलीच्या तारा मोजत राहिलो. त्यांनी डबा भिंतीवर ठेवला आणि गेल्या, त्या कायमच्याच. मामा दोन वर्षं खानावळीचं जेवले. रिकामी टोपली त्यांनी स्वतः पुन्हा बेचक्यात टांगली, आणि मी येत-जात राहिलो, तिच्याखालून.

मागच्या आठवड्यात मामांचं घर आवरायला गेलो. संध्याकाळी धीर करून काकूंच्या फाटकाशी उभा राहिलो. त्यांच्या जांभळाला एक टोपली टांगलेली, मामीनेच दिलेल्या तुकड्याची, आणि त्यात एक कळी मान वर करून तयार. मी सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"आता आला? तो मेल्यावर?"

"काकू, मले..."

"चूप. त्या दिवशी म्या तोंड उघडलं नाई, कावून? मले वाटे तू सांगशीन. आज सांगशीन, उद्या सांगशीन. घरातलं पोरगं होतं तू. दोन वर्स तो खानावळीचं खाऊन राहिला अन् म्या भिंतीआडून पाहून राहिली." मी हात जोडले. "हात काहाले जोडतं एकांतात? माह्यावर आळ घेतला तवा सारी गल्ली ऐकत होती. आज फूल आहे, गल्ली येईन. तवा सांग."

नऊच्या सुमारास फूल उमललं. अंगणात दहाबारा बायका, ताटांत कापूर. वास भिंतीपलीकडे मामांच्या अंगणात जात होता, जिथे कडुलिंबावर ती टोपली काळोखातही दिसत होती. मामा असते तर ओट्यावरून ओरडले असते. हे फूल त्याच झाडाचं होतं, त्यांच्याच हिशेबानं. आरती झाली. काकूंनी सगळ्यांना साखर वाटली आणि माझ्यासमोरून ताट पुढे नेलं. मग वळून म्हणाल्या, "हं. बोल."

मी बोललो. आवाज शेवटच्या बाईपर्यंत पोचेल इतका मोठा ठेवला.

"मामीच्या टोपलीत काळी माती म्या टाकली होती. दोन टाईम पानी टाका, असंही म्याच खोटं सांगतलं होतं. काकूचा काहीच दोष नव्हता. मामानं त्यायले जे म्हटलं, ते मले म्हनाले पायजे होतं, अन् म्या चूप बसलो. काकू, मले माफ करा. मामा... मले माफ करा."