डेंटिस्टकाकांचं विमान

मी इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलला नोकरीला होतो तेव्हा शनिवारी जवळच्या छोट्या एअरफिल्डवर जायचो. तिथे एक नागपूरचे काका भेटायचे. रिटायर्ड डेंटिस्ट. सात वर्षं गॅरेजमध्ये खपून त्यांनी दोन सीटचं विमान बांधलं होतं. इंजिनाची तब्येत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक मॉनिटरही बसवला होता. तरी उतरल्यावर काका इंजिनाच्या झाकणावर तळहात ठेवून विचारायचेच, "दुखतंय का?"

एकदा आम्ही डबा घेऊन जेवायला आयल ऑफ वाइट बेटावर निघालो. वाटेत मॉनिटरवर तिसऱ्या सिलिंडरच्या तापमानाचा आकडा लाल होऊन लुकलुकायला लागला. काकांनी कान देऊन इंजिन ऐकलं.

"काही नाही रे, सेन्सरची वायर सैल असणार," ते म्हणाले आणि त्यांनी विमान शांतपणे मागे वळवलं.

उतरून बघितलं, तर खरंच वायर सैल. पाच मिनिटांत त्यांनी ती घट्ट केली.

"चला ना मग, काका! तुमचंच बरोबर निघालं."

"म्हणूनच आज नको," डबा उघडत काका म्हणाले. "आता पुन्हा लाल झालं, तर मी मागे वळणार नाही."