मिशी नसलेला गाईड

आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतःसाठी कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. शर्ट विरला की आईच नवा आणायची, चप्पल तुटली की तीच शिवून घ्यायचे. म्हणून एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या त्या वर्षी दिवाळी झाल्यावर जेवता जेवता ते एकदम म्हणाले, "विजापूरला जायचं. गोल घुमट बघायचा," तेव्हा आई आणि मी एकमेकींकडे बघतच राहिलो. म्हणाले म्हणजे ओरडले. त्यांना स्वतःचा आवाजही ऐकू येत नसे, त्यामुळे आमच्या घरातलं सगळं चाळीला आमच्याआधी कळायचं.

आप्पा सोलापुरातल्या एका गिरणीत मागावर होते. शेकडो माग एकदम चालू असले की कानांचं काय होतं ते गिरणीतल्या माणसाला विचारावं. अर्थात त्याला तुमचा प्रश्न ऐकू आला तर. चाळिशी उलटेपर्यंत आप्पांचे दोन्ही कान गेले. नस गेली, आता इलाज नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. गिरणीत त्यांचं काही अडलं नाही. तिथल्या गदारोळात सगळेच ओठांवरून बोलतात. आवाज न करता ओठ हलवायचे आणि समोरच्यानं ते वाचायचे. आप्पा त्यात पटाईत होते.

अडलं ते घरी. ओठ वाचायचे तर बोलणाऱ्यानं समोर तोंड करावं लागतं, आणि आमची आई त्यांच्या समोर तोंड करून कधी बोललीच नव्हती. तिचं माहेर कानडी सीमेवरच्या दुधनीकडचं, तिथली रीत तिच्या अंगात मुरलेली. तोंड चुलीकडे, पाठ नवऱ्याकडे, डोक्यावर पदर, आणि बोलणं असं वाऱ्यावर सोडून द्यायचं. ज्याचं त्यानं ऐकून घ्यावं. कान होते तोवर आप्पा ऐकून घेत. कान गेल्यावर आई ओरडायला लागली. पण ओरडून माणूस काय बोलणार? रॉकेल संपलं. पाणी आलं. मामाचं पत्र आलंय. 'दमलात का' किंवा 'कालची भाजी आवडली का' हे कुणी चाळीला ऐकू जाईल असं ओरडून विचारत नाही. ते सगळं हळूहळू बंद पडलं. मी एकुलती एक, दोघांच्या मधे बसून जेवायची, आणि इतका आवाज असूनही आमचं घर मला मुकं वाटायचं.

गोल घुमटाचं खूळ गिरणीतल्याच कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. वर सज्जा आहे म्हणे, एका बाजूला भिंतीशी कुजबुजलं की पार दुसऱ्या टोकाला कानात बोलल्यासारखं येतं. तिथं बहिऱ्यालाबी ऐकू येतं, असं तो म्हणाला होता. मी तेव्हा नववीत, शास्त्रात हुशार, आणि स्वभावानं फटकळ. आईला म्हटलं, "कानच गेलेत तर भिंत काय करणार आहे?"

"तू गप बस की," आई म्हणाली. "जाऊ दे त्यास्नी."

पण दुसऱ्या दिवशी तिनं ट्रंकेतलं ठेवणीतलं लुगडं काढून उन्हात टाकलं. तेव्हा मला कळलं की आशा काही एकट्या आप्पांनाच नव्हती. त्यानंतर मी शास्त्र बंद केलं.

स्टेशनवर तिकीट काढायला आप्पा स्वतः रांगेत उभे राहिले. मला हात लावू देईनात. तिकिटाच्या खिडकीला जाळी आणि खाली हात जाईल एवढंच भोक. आतल्या माणसाचं तोंडच दिसायचं नाही. आप्पा म्हणाले, "विजापूर, तीन." आतून काहीतरी विचारलं. आप्पा म्हणाले, "तीन." पुन्हा काहीतरी विचारलं. आप्पा आणखी मोठ्यानं, "तीन!" मागची माणसं चुळबुळायला लागली. मी त्यांच्या काखेखालून डोकं घातलं आणि दोघं मोठे, एक अर्धं, असं सांगितलं. तसं मी अर्ध्या तिकिटाचं वय केव्हाच ओलांडलं होतं, पण आतला माणूस 'मोठे किती, अर्धे किती' असंच विचारत होता, म्हणून तोंडातून तसंच निघालं. अर्धं तिकीट हातात पडताच आप्पांनी ते दुरुस्त करायला लावलं, पुन्हा एकदा "तीन!" म्हणून, आणि तिकिटं खिशात घालून आईला सांगितलं, "मीच काढली." आईनं मान डोलावली.

मीटर गेजची ती गाडी वाटेत प्रत्येक गावाची विचारपूस करत गेली. विजापूरला उतरून घुमटाशी पोचलो तर दारात गाईड लोकांनी गराडा घातला. आप्पा तोंडांमागून तोंडं बघत गोंधळून गेले. मग आई पुढं झाली. एरवी परक्या पुरुषापुढं पदर दातात धरणारी बाई, पण त्या दिवशी तिनं गाईडांची तोंडं अशी निरखायला सुरुवात केली की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिल्याच्या झुपकेदार मिशीत वरचा ओठ गडप झालेला, तो बाद. दुसऱ्याच्या गालात पान, बाद. तिसऱ्याच्या तोंडात दातच नव्हते, ओठ आत गेलेले; तोही बाद. मिशीवाला वैतागून म्हणाला, "क्या अम्मा, रिश्ता देखने कू आए क्या?"

सगळे हसले. आईनं लक्ष दिलं नाही. मागं एक तिशीतला गाईड उभा होता, गुळगुळीत दाढी केलेला, मिशी नाही, पान नाही. आईनं त्याला कानडीत विचारलं, "मराठी बर्तदेनु?" म्हणजे मराठी येतं का. आप्पांच्या डोळ्यांना फक्त मराठी ऐकू यायचं.

"येतं की बाई. सोलापूरची माणसं रोजच असत्यात," तो म्हणाला.

"मग त्यास्नी सांगताना त्यांच्याकडं तोंड करून सांगायचं. आनि लई भरभर बोलू नगा."

त्या माणसानं एकदा आप्पांकडे पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. पण सवयीनं तो पुढं चालत बोलायला लागला की आई त्याच्या बाहीला हिसका द्यायची. शेवटी तो चक्क उलटा चालायला लागला. पाठीकडे बघायचं नाही, आप्पांकडे तोंड, आणि बादशहा, त्याच्या बायका, थडगी, घुमटाला मधे खांबच कसा नाही, सगळं ओठ नीट हलवत सांगायचा. वाटेत एका दगडाला अडखळला तर आप्पांनीच त्याला सावरलं. आप्पा इतके खुशीत मी कधी पाहिले नव्हते. किती दिवसांनी कुणीतरी त्यांच्याशी ओरडल्याशिवाय एवढं बोलत होतं.

वरून मात्र शाळेच्या सहलीचा कालवा येत होता. पोरं टाळ्या पिटत होती, किंचाळत होती, आणि घुमट त्यांचं प्रत्येक किंचाळणं परत परत ओकत होता. गाईड म्हणाला, "आता वर जाऊन उपेग न्हाय. पोरं जेवायला खाली उतरली की जाऊ." मग आम्ही झाडाखाली बसून धपाटे आणि शेंगाची चटणी खाल्ली, त्यालाही दिली. पोरं खाली आली तसे आम्ही उठलो. कोपऱ्यातल्या मनोऱ्याचा अरुंद जिना चढताना आई मधे मधे थांबायची. दम लागला असेल, असं मला वाटलं.

सज्ज्यात कोणीही नव्हतं. आमच्या पावलांचेच आवाज गोल फिरून येत होते. गाईडनं आप्पांना आणि मला एका जागी भिंतीशी बसवलं आणि आईला म्हणाला, "चला, तुमाला पल्याड सोडतो. तितनं भिंतीकडं तोंड करून साहेबांचं नाव घ्या. नाव लौकर वळखू येतं."

"अगं बाई!" आई म्हणाली. "नाव कसं घेऊ?"

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. लग्नकार्यात उखाण्यात घ्यायचं तेवढंच. एरवी नुसतं 'अवो'.

"मग दुसरं काहीबी बोला," गाईड हसून म्हणाला आणि तिला घेऊन गेला.

आप्पांनी भिंतीला कान लावला. मीही लावला. पलीकडे आई एवढीशी दिसत होती. तिनं आमच्याकडे पाठ केली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि चुलीपुढं बसते तशी भिंतीपुढं बसली. आणि मग माझ्या कानाशी, तिच्या श्वासासकट, आप्पांचं नाव आलं. नुसतं नाव. उखाणा नाही, मागंपुढं काही नाही. इतक्या मऊ आवाजात बोललेली आई मी तोवर ऐकली नव्हती.

आप्पा तसेच कान लावून बसले होते. जरा वेळानं त्यांनी कान बदलला. मग माझ्याकडे पाहिलं. "काय म्हनली गं?"

शास्त्र खरं ठरलं होतं आणि मला ते नको होतं. मी त्यांच्या समोर तोंड केलं आणि गिरणीतल्यासारखे, आवाज न करता, ओठ हलवले. त्यांचं नाव घेतलं.

आप्पा डाफरले, "बापाचं नाव घेतीस?"

घुमटानंही मला तेच कितीतरी वेळा विचारलं. मी रडकुंडीला येऊन पलीकडे बोट दाखवलं. मी नाही. ती. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्या ओठांकडे पाहिलं, पुन्हा म्हण, असं. मी पुन्हा म्हटलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, ओंजळ लावली, आणि त्यांच्या मते अगदी हळू आवाजात म्हणाले, "ऐकलं!"

सगळा घुमट ऐकलं, ऐकलं, ऐकलं म्हणत राहिला. पलीकडे आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

उतरताना गाईड पुढं, मग आप्पा, मग मी, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून आई. अर्ध्या जिन्यात तिनं हळूच विचारलं, "त्यास्नी खरंच आलं का गं ऐकू?"

"आलं की," मी म्हटलं.

आणखी चार पायऱ्या उतरल्यावर ती म्हणाली, "त्यांचा आवाज मोठा आला तवा वळून बघितलं मी. तू त्यांच्याकडं तोंड करून बसली हुतीस."

तिनं माझा खांदा दाबला.

"असू दे," ती म्हणाली.

पुढं आप्पा भिंतीला हात लावत एकेक पायरी उतरत होते, आमच्याकडे पाठ करून. आणि आईनं मागून, अगदी हळू, ते नाव पुन्हा एकदा घेतलं.