आईचा जबडा आणि आम्ही

जेवायला बसण्याआधी हे वाचा.

आज आईला नळदुर्गहून सोलापूरला जबड्याच्या डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, "मावशी, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला." आईचं एकच बोट गेलं.

"भाकरी कधीपासून चावत नाहीत?" त्यांनी मला विचारलं. मी वडिलांकडं, अण्णांकडं बघितलं, अण्णांनी माझ्याकडं.

आईच बोलली, "तीन वर्षं झाली की. चावंना म्हणून ताकात कुस्करून गिळते."

एकाच घरात राहतो आम्ही. पण आई रोज सगळ्यांचं झाल्यावर एकटीच जेवते. ती वाळत चालली, तर आम्ही वय झालं म्हणालो.

डॉक्टर म्हणाले, "सुरुवातीला आला असता तर सुईनं जबड्याचा सांधा धुऊन भागलं असतं. आता दुर्बिणीनंही होणार नाही. कानापुढं चिरून सांधाच बदलावा लागेल."

बाहेर आल्यावर मी चिडलोच. "सांगितलं का न्हाईस?"

"तुमी जेवताना कसं सांगायचं? घास उतरला नसता तुमच्या घशाखाली."

घरी आल्यावर आज तिला पहिलं वाढलं. सगळे बघतायत म्हणून लाजली आणि ताट घेऊन भिंतीकडं तोंड करून बसली.

तुमच्या घरी शेवटी कोण जेवतं?