मागचं डावं चाक

माझा देवीवर राग होता, हे आधीच सांगून टाकतो. श्रावणात माझी बायको गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं आणि आठव्या दिवशी एकटा घरी परतलो. ते आठही दिवस मी रोज सकाळी जोगेश्वरीच्या गुंफेत उतरत होतो. जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं, ते तिथल्या अंधारात देवीसमोर बसून मागितलं. तिने ऐकलं नाही. मग मीही तिचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं. गुंफेत जाणं सोडलं, घरातल्या तसबिरीला फूल वाहणंही सोडलं.

मी बसच्या ब्रेकचा फिटर. सगळी नोकरी डेपोत ब्रेक करण्यातच गेली. निवृत्त झाल्यावर घरात करमेना, तेव्हा आमच्याच भागातल्या एका हौशी गृहस्थांनी मला बोलावलं. त्यांनी भंगारात निघालेली एक जुनी, गोल नाकाची बस सोडवून आणली होती आणि शेडमध्ये ठेवून ती पुन्हा उभी करायला घेतली होती. मागचे दोन्ही ब्रेक माझ्याकडे आले. दसऱ्याला ती पहिल्यांदा रस्त्यावर यायची होती, आणि माझ्याबरोबर निवृत्त झालेले ड्रायव्हर-कंडक्टर, त्यांच्या बायका, नातवंडं घेऊन आरेच्या रस्त्याने पवईला जाऊन यायची होती. मी बायकोला शब्द दिला होता की त्या दिवशी पहिली सीट तुझी. ती म्हणाली होती, “पहिली नको. मागच्या चाकावरची द्या. तुमचं काम जिथे, तिथेच मी बसणार.”

ती गेल्यावरही मी शेडमध्ये जात राहिलो, कारण घरी चार वाजले की चहाची वेळ व्हायची आणि चहा यायचा नाही. दोन्ही चाकं उतरवली, ब्रेकचे ड्रम ओढून काढले. आत कित्येक वर्षांची काळी भुकटी बसली होती, ती ओल्या फडक्याने पुसली. ड्रमला आतून घासणाऱ्या शूवर नवे लायनर बसवले, ग्रीस बदललं. उजवी बाजू पूर्ण झाली. डाव्या बाजूचं शेवटचं काम खंडेनवमीच्या आदल्या दिवशी चाललं होतं. हबचा, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारा, मोठा नट मी हातात घेतला आणि तेवढ्यात मुलुंडहून मुलीचा फोन आला.

“बाबा, आईच्या साड्यांचं काय करायचं? मी येऊन कपाट आवरू का?”

“तुला काय करायचं ते कर,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. हात पुन्हा कामाला लागले. नट आवळला, पुढचं सगळं बसवलं, चाक चढवलं. हात सवयीने चालत होते, मी मात्र त्या कपाटापुढे उभा होतो.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या धंद्यात त्या दिवशी हत्यारांची पूजा होते, आणि एकदा हळदकुंकू वाहिलं की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आमच्या घरी ही पूजा बायकोच करायची. आपल्या जुन्या सुती साडीचा तुकडा फाडायची आणि एकेक हत्यार पुसून, पाटावर ठेवून, कुंकू लावून मगच दुसरं उचलायची. लहानापासून सुरुवात, आणि हबच्या नटाचा मोठा, नळीसारखा पोकळ बॉक्स पाना सगळ्यात शेवटी. तो तर चमच्याच्या दांड्याला फडकं गुंडाळून आतूनसुद्धा पुसायची. मी चिडवायचो, “अगं, आत कोण बघतंय?” ती म्हणायची, “तुम्ही बघत नाही, म्हणून मी बघते.”

यंदा घरात माणूस गेलेलं, त्यामुळे सण नव्हता. खरं सांगायचं तर मला ते निमित्त बरंच झालं होतं. मी शेडमध्ये फक्त हत्यारांची पेटी घ्यायला गेलो होतो. तेवढ्यात डोक्यावर झेंडूची पाटी घेतलेली एक म्हातारी फुलवाली दारात आली आणि पाणी मागू लागली. मी तांब्या दिला. पाणी पिता पिता तिची नजर उघड्या पेटीवर गेली.

“काय रे भाऊ, आज हत्यारांना फूल नाही?”

“यंदा सण नाही आमच्यात. बायको गेली.”

तिने तांब्या परत दिला. मग म्हणाली, “सण नको करूस. पण ही हत्यारं वर्षभर राबली ना तुझ्यासाठी? त्यांचं कोण गेलंय?”

त्यांचंही तेच माणूस गेलं होतं. तिने ओंजळभर झेंडू पेटीच्या झाकणावर ठेवले, वर कागदाच्या पुडीतली हळद आणि कुंकू ठेवलं. मी पैसे विचारेपर्यंत पाटी उचलून ती चालायलाही लागली.

मी पेटी पुढ्यात ओढली. मग जुनं बनियन फाडलं. शेडमध्ये साडी कुठून आणणार? पत्र्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि बायकोच्याच पद्धतीने एकेक पुसून, हळदकुंकू लावून मांडत गेलो. शेवटी मोठा पाना उरला. क्षणभर वाटलं, आतून कशाला पुसायचं, आता कोण विचारणार आहे. तरी स्क्रू ड्रायव्हरला चिंधी गुंडाळून आत घातली. चिंधी कशाला तरी अडली. बोट घालून ओढलं, तर ग्रीसमध्ये चिकटलेला एक नवाकोरा वॉशर हातात आला.

हबच्या नटामागे हा वॉशर बसवून त्याचे कान नटावर दुमडायचे असतात. तो नसेल तर धावत्या गाडीत नट फिरत फिरत सुटतो, आणि चाक ड्रमसकट निसटू शकतं. नट आणि वॉशर हरवू नयेत म्हणून मी नेहमी त्याच पान्यात टाकून ठेवतो. काल नट घेतला होता आणि वॉशर आतच राहिला होता. दुसऱ्या दिवशी त्या चाकावर माझे सोबती आणि त्यांची नातवंडं बसणार होती. 

चाक उघडायचं तर समोर मांडलेली, हळदकुंकू वाहिलेली हत्यारंच उचलायला हवी होती. माझा हात पुढे होईना. ज्या देवीवर रुसलो होतो, तिचीच भीती वाटत होती. शेवटी हात जोडले. दोन महिन्यांत पहिल्यांदा तोंडून “आई” असा शब्द निघाला. कोणत्या आईला म्हणालो, मला माहीत नाही. पाने उचलले. दुपारभर चाक खोलून पुन्हा बसवलं, वॉशरचे कान नीट दुमडले, दोनदा तपासलं. माझ्या बोटांचं कुंकू त्या चाकाच्या सगळ्या नटांना लागलं होतं. मी ते पुसलं नाही.

दसऱ्याला बस निघाली. मागच्या डाव्या चाकावरची सीट मी रिकामी ठेवायला सांगितली आणि तिच्या शेजारी बसलो. आरेच्या उतारावर ड्रायव्हरने ब्रेक दाबला. गाडी कुठल्याही बाजूला न ओढता अलगद थांबली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी खिडकीकडे तोंड करून रडलो.

संध्याकाळी गुंफेकडे गेलो. तीच फुलवाली बाहेर बसली होती. मी तिला कालची आठवण करून दिली. “मी? काल?” ती हार ओवता ओवता म्हणाली, “रोज दहा दारात पाणी पिते रे बाबा, कुठलं कुठलं ध्यानात ठेवू?” मी तिच्याकडून हार घेतला आणि खाली उतरलो. देवीला म्हटलं, मी मागितलं ते तू दिलं नाहीस, ते अजून दुखतं. दुखत राहणार. पण जे मागायचंही मला सुचलं नव्हतं ते तू सांभाळलंस. आता राग धरून ठेवायची ताकद माझ्यात नाही, तो तुझ्याच पायाशी ठेवून जातो.

वर आल्यावर मुलीला फोन केला. म्हटलं, साड्या कुणाला द्यायच्या त्यांना दे. पण ती विटलेली हिरवी सुती आहे ना, ती तेवढी माझ्याकडे राहू दे. पुढच्या खंडेनवमीला पाना पुसायला लागेल.