महाळुंगाच्या बिया

महाळुंगाचं नाव काढलं तरी अजून माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं. देवीच्या हातात ते फळ शोभतं ना, मग तिथंच राहू दे. माझ्या घरात नको.

ऐंशीनंतरची वर्षं. भांडुपला आमच्या दोन खोल्या, लग्नाला पाच वर्षं झालेली आणि पाळणा हलत नव्हता. सासूबाईंनी गावाहून महाळुंगं मागवली. बाहेरून खडबडीत पिवळी, आत जाड पांढरी साल, रस नावाला, बिया मात्र मूठभर. पाळीच्या चौथ्या दिवशी न्हायचं आणि ओल्या केसांनीच, गाईच्या दुधात वाटलेल्या त्या बिया प्यायच्या. असे सात दिवस. जवळच्या तबेल्यात सगळ्या म्हशी, गाय एकच. तिचं दूध सासूबाई रोज पहाटे स्वतः आणायच्या. पण बियांना चिकटलेला आंबट गर धुवायच्या नाहीत, गुण जातो म्हणे. मग काय, दूध नासायचं. कडूजहर गुठळ्या, वर हिरवट पाणी, आणि पाट्यावर उरलेलं बोटानं निपटून माझ्याच पेल्यात. शी!

"मेल्या दुधाक काय बघतस? नाक दाबून गीळ गो."

मी गिळायचे, मोरीत जाऊन ओकायचे, की दुसरा पेला तयार. नवरा शेजारी पेपर वाचत चहा प्यायचा. एकदा त्याला म्हटलं, तुम्ही सांगा ना आईंना. तर म्हणाला, पी ना, तिला बरं वाटतं.

आठ महिने मी ते ढोसलं. मग एका दुपारी रेशनकार्ड शोधताना ट्रंकेत, विम्याच्या कागदांखाली, सांताक्रूझच्या कुठल्याशा लॅबोरेटरीचा रिपोर्ट सापडला. इतक्या लांब, म्हणजे ओळखीचं कुणी भेटायला नको. नाव नवऱ्याचं, तारीख माझ्या पहिल्या पेल्याच्या आधीची. शुक्राणूंच्या रकान्यात 'निल'. तेवढं इंग्रजी मला येत होतं. नासक्या दुधाची आली नसेल एवढी किळस मला त्या माणसाची आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी पेला दिला. मी तो त्याच्या पेपरवर ठेवला.

"आजपासून तुम्ही प्या."

सासूबाई हसल्या. ते बायकांचं औषध गो, म्हणाल्या.

त्यानं माझ्याकडे बघितलं, ट्रंकेकडे बघितलं, आणि अख्खा पेला प्यायला.

सासूबाईंचं हसू गेलं. पेला उचलून त्या मोरीत घासत बसल्या. बराच वेळ घासल्यावर लेकाला म्हणाल्या, "माका तरी सांगूचा होता रे."

मला सांगायला हवं होतं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.