नामिबियाचा दुसरा ड्रायव्हर

माझ्या साडूंइतका खोटं बोलायला सोपा माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा नसेल, आणि या सोयीचा मी गैरफायदा घेतला, हे आधीच कबूल करून टाकतो. समोरचा सांगेल ते त्यांना खरंच वाटतं. परदेशात गाडी चालवण्याचा परवाना काढलात का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी "झालंय" म्हणालो, आणि त्यांनी वहीत माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली.

ही वही नामिबियाची. आम्ही दोन जोडपी, भाड्याची जीप, तिच्या टपावर उघडणारे दोन तंबू, आणि बारा दिवस वाळवंटातून आपणच गाडी हाकत फिरायचं, असा बेत साडू निवृत्त झाल्यापासून चार वर्षं आखत होते. कुणी ट्रॅव्हल कंपनीबरोबर जा म्हणालं, की ते शांतपणे विचारत, "हत्ती बघायचा तो झेंडेवाल्याच्या मागे उभं राहून?" तिकडे बुटांत विंचू शिरतात असं वाचल्यापासून ते कर्वेनगरच्या चौथ्या मजल्यावर रोज सकाळी बूट आपटून घालतात, आजवर त्यातून एक किल्ली पडली आहे. ताईंचे, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचे, गुडघे दुखतात. तंबूत चढायची सवय व्हावी म्हणून साडूंनी माळ्याला शिडी लावून त्यांना रोज दोनदा चढवलं. एकदा ताई वरच बसल्या आणि चहा इथेच आणून द्या म्हणाल्या. साडूंनी कप न हिंदकळता वर नेला आणि वहीत लिहिलं, 'चहा वर पोचतो.' सिंहगड रस्त्यावर समोर टँकर आडवा आला, की तो हत्तीच समजून ते काचा वर घेतात, हॉर्न वाजवत नाहीत, हत्ती मार्ग सोडेपर्यंत थांबतात. मागचे लोक काय म्हणतात ते बंद काचांमुळे ऐकू येत नाही. वाळवंटात पाणी बेताचं, म्हणून त्यांनी आठवडाभर घरचे नळ बंद ठेवून माणशी पाच लिटरवर भागवलं. धायरीत आम्ही हा सराव दर उन्हाळ्यात करतो, असं मी म्हणालो, तर तेही त्यांनी आदराने टिपून घेतलं.

आमच्या घरांत नाही म्हणायची पद्धत नाही. "जाऊ की" म्हणायचं आणि बेत आपोआप विरायची वाट बघायची. मी चार वर्षं तेच केलं. आणि एका सकाळी साडूंचा फोन आला, तिकिटं काढली.

मी धावत आरटीओत गेलो. खिडकीतल्या बाईंनी माझं लायसन्स उलटून पाहिलं आणि परत सरकवलं. परदेशाचा परवाना राहिला बाजूला, मूळ लायसन्सच माझ्या पन्नासाव्या वाढदिवशी संपलं होतं. त्याला दीड वर्ष झालं होतं. इकडे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर साडूंना डॉक्टरांनी सलग दोन तासांच्या वर गाडी चालवायची नाही असं बजावलेलं. आमच्या बायका चालवत नाहीत. मी नाही, तर नामिबिया नाही. पुढचे तीन आठवडे साडूंचा फोन आला की मी मीटिंगमध्ये असायचो, रविवारीसुद्धा.

शेवटी एका रविवारी कर्वेनगरला गेलो. साडू गच्चीवर उसना तंबू उभारून त्याची घडी किती मिनिटांत होते ते बघत होते. मी आरटीओची रांग, ऑफिसचं काम, बंद पडणारी वेबसाइट असं सगळं सांगत सांगत शेवटी संपलेल्या लायसन्सपर्यंत आलो. त्यांनी दोरी गुंडाळून खाली ठेवली.

"म्हणजे दिवाळीत महाबळेश्वरला आम्हाला असंच नेऊन आणलंत?"

"हो."

"चांगली चालवलीत." मग त्यांनी बोटांवर महिने मोजले. "पाच आहेत अजून. शिकाऊ लायसन्स काढा, महिन्याने टेस्ट द्या. रविवारी सकाळी मांजरी गावाच्या बाजूला उसातल्या कच्च्या रस्त्यांवर जाऊ, मी शेजारी बसेन. तिकडचे रस्ते तसेच आहेत, आणि चालवायचंही आपल्यासारखं डावीकडूनच."

छातीवरचं ओझं एवढं पटकन उतरलं की मी तंबूला टेकूनच बसलो. तंबू थोडा कलला. साडू माझ्यासाठी चहा सांगायला जिन्याकडे वळले. आणि मला कळलं, मी लायसन्सचं सांगितलं होतं, खरं ते सांगितलंच नव्हतं. त्यांना हाक मारली.

"परवाना काढला नव्हता, कारण तुम्ही कधी जालच असं मला वाटलं नव्हतं. चार वर्षं तुमच्यासमोर मान डोलावली आणि मनात हसलो. त्याची माफी मागतो."