आत्याचं माहेर

काचीगुड्याला आमच्या फ्लॅटचा पुढचा हॉल हेच माझं ऑफिस. कुटुंबातली भांडणं कोर्टात जाण्याआधी काही लोक माझ्याकडे येतात. मी मध्यस्थ. मी निकाल देत नाही, कोण बरोबर तेही सांगत नाही. दोघांना एकमेकांशी बोलतं करते आणि जे ठरेल ते नीट मांडून देते. "तुम्ही काहीच सांगत नाही, तर फी कशाची घेता?" असं एका सासऱ्यांनी मला तोंडावर विचारलं होतं. राग आला, पण प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

माझा एक नियम आहे. हॉलमध्ये फक्त नवरा-बायको बसतात. इकडच्या आपल्या लोकांत बैठक म्हटली की ज्यांचा संसार ते दोघं मान खाली घालून बसणार आणि काका, मेहुणे, वहिनीचे भाऊ घसा कोरडा होईपर्यंत बोलणार. मी पुण्यात वाढलेली, लग्न होऊन हैदराबादेत आलेली. स्पष्ट बोलायची खोड अजून गेलेली नाही. वडीलधाऱ्यांना मी सरळ खाली पाठवते. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत, वॉचमन पाणी देतो. पुष्कळांच्या नाकाला मिरच्या झोंबतात. झोंबू देत. या नियमामुळे किती तरी जोडपी पहिल्यांदाच एकमेकांशी पुरतं वाक्य बोलली आहेत.

एकदा मात्र हा नियम अडला. ते जोडपं कोण होतं हे सांगणार नाही आणि ओळख पटेल असं काही लिहिणारही नाही.

मुलाने मामाची मुलगी केली होती. जुन्या हैदराबाद संस्थानातल्या शेतकरी घरांत यात नवल नाही. म्हणजे मुलीची सासू ही तिची सख्खी आत्या आणि मुलाचा सासरा हा त्याचा सख्खा मामा. मामाचं घर मलकपेठला. मुलाच्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या तिथेच गेलेल्या. त्याच घरात दोघं एका ताटात जेवली, एकमेकांच्या झिंज्या उपटल्या, आणि मोठी झाल्यावर वडीलधाऱ्यांनी त्यांचं लग्न लावून दिलं.

"आम्ही भांडलोच नाही, मॅडम," मुलगा म्हणाला. "तीच तर परेशानी आहे. नवरा-बायको असं कधी वाटलंच नाही."

मुलीने मान हलवली. "हौ. ह्याचा काही दोष नाही."

ती वर्षाहून जास्त काळ बापाच्या घरी राहत होती. दोघांना वेगळं व्हायचं होतं. मी पहिल्याच भेटीत सांगितलं की दोघांच्या संमतीने घटस्फोट घ्यायला कुणाला दोषी ठरवावं लागत नाही. दोघांनी ऐकून घेतलं, बरं म्हणाले, आणि पुढच्या वेळी होते तिथेच होते. मधल्या काळात नात्यातल्या कुणा वकिलाने दोन्हीकडे सांगून ठेवलं होतं की छळाचा आरोप करा, म्हणजे लवकर मोकळे व्हाल. दोघंही आरोप करायला तयार नव्हते आणि संमतीने सुटायलाही नाही. माझी चिडचिड व्हायला लागली. मुलं नाहीत, घराची वाटणी नाही, मग घोडं अडलंय कुठे?

ते कळलं बाल्कनीतून. दोघांना जरा वेळ द्यावा म्हणून मी बाहेर उभी होते. खाली मुलाची आई आणि मुलीचे वडील, म्हणजे बहीण-भाऊ, पार्किंगच्या दोन टोकांना एकमेकांकडे पाठ करून बसले होते. बहीण मोठी, भाऊ धाकटा. बहिणीने पिशवीतून डबा काढला, वॉचमनला बोलावलं आणि भावाकडे बोट दाखवलं. वॉचमनने डबा नेऊन दिला. भावाने उघडला, आतली धपाटी खाल्ली, बोटं पुसली आणि डबा वॉचमनच्या हाती परत पाठवला. एकमेकांकडे पाहिलं नाही.

आत येऊन मी मुलीला विचारलं, "खाली दोघांचं बोलणं बंद आहे का?"

तिचे डोळे भरून आले. "मागच्या दिवाळीला आत्या आल्या नाहीत. पहिल्यांदाच. त्यांना भाऊ एकच आहे, मॅडम. मी कायमची तिथं राहायला लागले तर त्यांचं माहेर तुटतंय."

मुलगा खाली बघत म्हणाला, "म्हणून थांबलोय आम्ही."

दोघं एकमेकांशी नव्हे, एका बाईच्या माहेराशी बांधलेली होती, आणि ती बाई माझ्याच नियमामुळे खाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती. मी दोघांची परवानगी घेतली आणि वॉचमनला हाक मारून वडीलधाऱ्यांना वर बोलावलं.

दोघं वर आले आणि हॉलच्याही दोन टोकांना बसले. मग मुलीने, फार न अडखळता, आम्हाला वेगळं व्हायचंय आणि तुम्हा दोघांची भीती वाटते, एवढं सांगितलं. आत्याबाईंनी पदर सावरला.

"माझ्या लेकापायी पोरगी घरी येऊन बसली," त्या म्हणाल्या. "त्या घरात म्या कुठल्या तोंडानं येऊ?"

"येऊ नको असं कोण म्हणलं, अक्का?" भाऊ म्हणाला.

"कुणी म्हणलं नाही. पर ये बी म्हणला नाहीस. दिवाळीला एक फोन केला नाहीस."

"मला वाटलं तूच रागात हायस. माझ्या पोरीनं तुझं घर सोडलं ना."

बाहेर काचीगुडा स्टेशनातून गाडी सुटल्याची शिट्टी झाली. आमच्याकडे गाडी जाईपर्यंत सगळे गप्प बसतात, सवयच आहे. गाडी गेल्यावर आत्याबाईंनी भाचीला विचारलं, "आन उद्या ह्याचं दुसरं लगीन झालं तर? तवा बी दार उघडशील?"

"तुम्हाला उघडीन," मुलगी म्हणाली. "ह्याला नका आणू सोबत."

भाऊ हसला, आत्याबाई रडता रडता हसल्या, मलाही हसू आलं. आत्याबाई माझ्याकडे वळल्या. "वकीलबाई, हे कागदात घाला."

मी म्हटलं, कोर्टाच्या कागदात माहेर बसत नाही. त्यावर त्या म्हणाल्या, मग तुमच्यापुढं बोललंय, तेवढं बास. संमतीने वेगळं व्हायचं ठरलं, आरोप कुणीच करायचे नाहीत हेही ठरलं. भाऊ उठला, "चल अक्का, जेवूनच जाशील" म्हणाला आणि रिक्षा बघायला पुढे झाला. आत्याबाई भाचीचा हात धरून जिना उतरल्या. मला बरं वाटत होतं. खरं सांगायचं तर स्वतःवर खूषच होते.

मी त्यांना निरोप द्यायला खाली गेले. तिघांची रिक्षा मलकपेठच्या दिशेने निघून गेली. मुलगा स्कूटरपाशी उभा होता. आई त्याच्या मागे बसून आली होती, तिचं हेल्मेट त्याच्या हातात राहिलं होतं. ते कुठे ठेवावं हे त्याला सुचत नव्हतं.

"झालं एकदाचं," मी म्हटलं.

"हौ मॅडम." त्याने हेल्मेट आरशाला अडकवलं. "माझं आजोळ पण तेच होतं."

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वर सगळे हसले तेव्हा तो हसला नव्हता, ते आता आठवलं. मी म्हटलं, "अरे, मग हे वर का नाही बोललास? तेवढ्यासाठीच तर बसलो होतो आपण."

"बोललो असतो तर आई गेली नसती," तो म्हणाला, आणि त्याने स्कूटरला किक मारली.